साडेएकोणचाळीस

दादाने टोपी काढून उपटलेल्या गवताच्या ढिगावर टाकली आणि सांगितले की खिळे आहेत तिथेच राहतील. दातांच्या डॉक्टरांनी हातगाडी खाली ठेवली. सुरखी चाळणाऱ्या दोघी बायकांचे हात थांबले. घरचा मामला दिसतो म्हणून बाकीची माणसे जरा दूर सरकली, पण ऐकू येईल इतकीच दूर.

क्लबातली ही पंधरा-सोळा माणसे चार रविवार आपणहून राबत होती. टेनिसचे हे कोर्ट बावीस वर्षे बंद होते. पहिल्या रविवारी तर कोर्ट कुठे संपते आणि रान कुठे सुरू होते तेच कळत नव्हते. दुसऱ्या रविवारी मुळे निघाली, तिसऱ्याला वरचा थर खरवडला, आणि मग खालची जुनी तांबडी माती दिसली, अजून घट्ट, अजून सपाट. सुरखी म्हणजे विटांची भुकटी हे आता सगळ्यांना पाठ झाले होते, कारण दादा येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगे, आणि ती त्याचे वडील, आबा, कशी चाळत तेही सांगे. आबांनी एकतीस वर्षे हे मैदान राखले. त्यांचे कोर्ट सकाळी असे असे की मोठमोठे साहेबलोक कडेला उभे राहून आधी बुटांचे तळ पुसत आणि मगच आत पाऊल टाकत. आबा नोकर होते, पण कोर्टावर हुकूम आबांचा.

काल संध्याकाळी पाणी मारून ठेवले होते. आज ओल बरोबर उतरली होती. टाचेचा ठसा उमटावा, पण माती बुटाला लागू नये. रेघांच्या पांढऱ्या पट्ट्या अशा ओलीतच खिळ्यांनी ठोकायच्या असतात. ऊन चढले की माती खिळा धरत नाही. म्हणजे दुपारपर्यंत वेळ होता. जुन्या खिळ्यांची रांग जशीच्या तशी सापडल्यामुळे कामही सोपे होते. गंजलेली डोकी ओळीने उघडी पडली तेव्हा दादा गुडघ्यावर बसून त्यांच्यावरून बोटे फिरवत राहिला होता, आणि तो रडतो आहे असे वाटून लोकांनी माना वळवल्या होत्या.

तेवढ्यात त्याच्या मुलीने यंत्र लावले. ती मोजणीदार. जमिनीच्या हद्दी ठरवून देणे हा तिचा धंदा. तिने तीनदा मोजले, दोन्ही बाजूंनी मोजले, आणि म्हणाली, "बाबा, हे बरोबर नाही."

जाळीपासून शेवटच्या रेघेपर्यंत एकोणचाळीस फूट हवेत. हे साडेएकोणचाळीस होते. या बाजूलाही आणि त्या बाजूलाही.

भाऊला तर हे ऐकून घामच फुटला. तो धाकटा, त्याचे औषधांचे दुकान आणि क्लबाचे चिटणीसपद, दोन्ही सारख्याच काळजीने चालवी. गुरुवारी तपासणीला माणूस येणार होता. त्याने होकार दिला तरच मुलांचे सामने इथे होणार, नाहीतर क्लबाच्या समितीने या जागेवर गाड्या उभ्या करायचे ठरवलेलेच होते. म्हणून खिळे उपटा आणि बरोबर मापाने ठोका, असे त्याचे म्हणणे. यात भांडण्यासारखे काय आहे तेच त्याला कळेना.

आणि भांडायला पुढे आली ती आत्या, दादाची बहीण.

"आबांची रेघ हलायची नाही," ती म्हणाली. "दादा म्हणतो ते बरोबर आहे."

दादा आणि आत्या एका बाजूला, हे घरात फार दिवसांनी घडत होते. भाऊने आशेने वहिनीकडे पाहिले. वहिनी दादाकडे बघत होती, आणि ते बघणे काही नवऱ्याच्या बाजूने उभ्या असलेल्या बायकोचे नव्हते.

आत्या भाचीला म्हणाली की तुझे यंत्रच बिघडले असेल.

"आत्या, याच यंत्रावर मी लोकांच्या जमिनी वाटून देते."

"म्हणूनच ते मग दुसऱ्या कोर्टात जातात."

डॉक्टर हसले. भाऊही हसला, आणि क्षणभर वाटले की प्रकरण हसण्यावारी जाईल.

आत्या मात्र हसत नव्हती. सदुसष्ट वर्षांची, काटकुळी, ताठ. चाळीस वर्षे तिने शिवणकाम केले; तिने घेतलेले माप चुकले असे कोणी म्हणाले नाही. त्याआधी ती खेळत असे, आणि कशी खेळत असे ते सांगणारी माणसे आता फार थोडी उरली होती. तिचा चेंडू खोल पडायचा. समोरच्याच्या पायाशी, शेवटच्या रेघेच्या चार बोटे अलीकडे, पुन्हा पुन्हा, जसा काही दोरी लावून सोडलेला. आबा माती दाबायच्या रुळाच्या दांड्याला टेकून बघत उभे राहायचे. कौतुक करणे त्यांच्या जिभेला ठाऊक नव्हते. नुसती मान डोलवायचे. त्या मान डोलवण्यासाठी ही पोर पहाटे उठून यायची.

मग एकोणिसाव्या वर्षी निवडीचा सामना झाला, दुसऱ्या गावी, दुसऱ्या क्लबात. तिथे तिचे चेंडू बाहेर गेले. फार नाही, थोडेच बाहेर. पण बाहेर ते बाहेर. परत येताना गाडीत आबा एकच वाक्य बोलले. "हात सुटला तुझा." त्यानंतर ते पुन्हा कधी रुळाला टेकून उभे राहिले नाहीत, आणि वर्षाच्या आत तिने खेळणे सोडले. पुढे आबांना अर्धांगवायू झाला तेव्हा सहा वर्षे त्यांचे सगळे तिनेच केले. सुना होत्या, मुलगे होते. पण भरवायला तीच लागे. आपण या माणसाला एकदा खाली बघायला लावले, त्याची फेड करते आहोत, असे काहीसे तिच्या मनात असावे. आज त्याच माणसाची रेघ चुकीची ठरवायला हे सगळे निघाले होते.

दादा पाणी पिऊन येतो म्हणून अवजारांच्या खोलीत गेला. वहिनी मागोमाग गेली.

खोलीत फावडी, घमेली, वेताची जुनी चाळण. दादा रुळाच्या सुट्या दांड्यावर बसला. त्याला बहात्तर वर्षे झाली होती, पण या खोलीत आला की पाठीत अजूनही चोविसाव्या वर्षीचा धाक शिरे.

त्या काळी आबांच्या मापाच्या टेपचा पुढचा अर्धा फूट तुटलेला होता. नवा मागायचा म्हणजे साहेबांपुढे उभे राहायचे, म्हणून आबांनी तशाच टेपवर वर्षानुवर्षे काम केले. मापात अर्धा फूट मिळवायचा, बस. एकोणचाळीस हवेत तर साडेएकोणचाळीसवर खूण करायची. घरात त्याची म्हणच झाली होती. भाऊ काही फुगवून सांगू लागला की आई म्हणायची, याचे अर्धा सोडून ऐका. मग ज्या वर्षी कोर्टाचा वरचा थर नव्याने घातला, त्या वर्षी क्लबाने आपणहून नवा टेप दिला. अख्खा. दादाने त्याची कडी जाळीपाशी धरली, आबा दुसऱ्या टोकाला गेले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी साडेएकोणचाळीसवर खिळा ठोकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप गुंडाळताना दादाने सहज पुन्हा मोजले आणि तो पळत आबांकडे गेला. आबा रूळ ओढत होते. थांबले नाहीत. काल सगळे खेळून गेले, कोणाला काही वाटले नाही, तुलाच बरे कळले, असे म्हणाले. दादाने पुन्हा सांगितले. तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "हिचा सामना होऊन जाऊ दे. मग बघू."

सामना अडीच महिन्यांवर होता. तो झाला. मग बघण्यासारखे काय राहिले होते? चूक कबूल करायची म्हणजे पोरीला आपणच हरवले हे कबूल करायचे. त्यापेक्षा हात सुटला म्हणणे सोपे होते.

हे सगळे दादाने वहिनीला एकदाच सांगितले होते, आबा गेले त्या आठवड्यात. तेव्हापासून एकोणीस वर्षे वहिनी आत्याच्या तोंडून 'आबा असते तर' ऐकत होती आणि गिळत होती.

"आज सांगा," ती म्हणाली. "खिळे आहेत तिथे ठेवलेत तरी गुरुवारी तो माणूस मोजणारच आहे."

दादा म्हणाला की गुरुवारचे गुरुवारी बघता येईल. हे बोलताना आपण कोणाचा शब्द वापरला ते त्याच्याच ध्यानात आले.

"तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगीन," वहिनी म्हणाली. "तिने आयुष्यभर स्वतःला कमी मानलंय. मला ते आता बघवत नाही."

तिकडे कोर्टावर मोजणीदारीण हट्टाने शेवटच्या रेघेच्या आतली माती ब्रशने झाडत बसली होती. यंत्रावर संशय घेतलेला तिला आवडत नसे, मग तो आत्याने घेतलेला का असेना. जमिनीच्या कामात तिला एक गोष्ट नेहमी सापडे. हद्द हलवणारा जुनी खूण पुरती पुसत नाही. अर्ध्या फुटावर तिला पहिले भोक सापडले. मग दुसरे. मग बोटभर अंतराने ओळच लागली. लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवलेली जुनी भोके, सरळ रांगेत. तिने यंत्र लावले. बरोबर एकोणचाळीस.

"आत्या, हे बघ. आबांनी आधी बरोबरच केलं होतं. नंतर कधीतरी खिळे अर्धा फूट मागे गेले."

आत्या वाकली. आधी तिला आनंद झाला. आबा चुकले नव्हते. तिने खुंटीवर अंगठा दाबून पाहिला आणि सहज विचारल्यासारखे विचारले की हे कधी झाले असेल.

उत्तर भाऊने दिले, आणि बिचाऱ्याने ते हसत हसत दिले. त्याला एकदम कोडे सुटले होते. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. नवा टेप आला होता, पिवळ्या चामड्याच्या डबीत, आणि डबीशी खेळल्याबद्दल त्याने आबांची थप्पड खाल्ली होती. नवा टेप अख्खा आणि आबांची सवय अर्ध्याची. "अर्धा सोडायचा राहिला," तो म्हणाला. "नवा थर घातला ना, त्या वर्षी." तो लोकांकडे वळून हा विनोद समजावून सांगू लागला, आणि मध्येच थांबला. नवा थर कोणत्या वर्षी घातला ते त्यालाही आता आठवले होते.

आत्या उठली नाही. दोन रेघांच्या मधली ती अर्ध्या फुटाची पट्टी तिच्यासमोर होती, ओलसर, तांबडी, कोणी पाऊल न ठेवलेली. तिने तिच्यावर आडवा हात ठेवला. शिंपीणच ती; हात ठेवला की तिला माप कळे. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, त्याहून थोडेसे कमीच. त्या परक्या कोर्टावर रेघेच्या पलीकडे उमटलेले चेंडूचे ठसे तिला अजून दिसत. एक वीतसुद्धा लांब नव्हते.

दादा आणि वहिनी खोलीतून बाहेर आले तेव्हा ती तशीच बसलेली होती, आणि आजूबाजूला कोणी काम करत नव्हते.

"दादा," ती वर न बघता म्हणाली, "टेपचं दुसरं टोक कोणाच्या हातात होतं?"

"माझ्या."

"मग तुला कधी कळलं?"

भाऊला भीती वाटली. त्याने घाईघाईने दादाला सुटायला वाट करून दिली. तो म्हणाला की दादाला तरी कसे कळणार, आज कळले असेल, आपल्या सगळ्यांसारखे. दादाने नुसते 'हो' म्हटले असते तरी चालले असते.

"दुसऱ्या दिवशी सकाळी," दादा म्हणाला.

आत्या उठली. उठताना तिने कोणाचा हात घेतला नाही.

"म्हणजे सामन्याच्या आधी."

"अडीच महिने आधी."

"तू आला होतास सामन्याला. कुंपणापाशी उभा होतास. चेंडू बाहेर गेला की मी तुझ्याकडे बघत होते." तिचा आवाज चढला नव्हता, उलट इतका खाली आला होता की मागची माणसे आता ऐकायचे सोडून पायांकडे बघू लागली होती. "तू डोळ्यांनी धीर देत होतास मला. मला वाटलं, धीर देतोय."

"सात गेले तसे," दादा म्हणाला. "मी मोजले."

"मी नाही मोजले. मला वाटलं सगळेच गेले."

वहिनीने एक पाऊल पुढे टाकले. तिने तोंड उघडलेलेही होते. पण आत्याने त्याआधीच विचारले, आणि हा प्रश्न तिने भावाच्या डोळ्यांत बघून विचारला.

"आबांना सांगितलं होतंस?"

दादाने वहिनीकडे पाहिले नाही. नुसता डावा हात जरासा मागे केला, रस्ता ओलांडताना लहान मुलाला थांबवावे तसा. वहिनी थांबली. का थांबली ते तिला पुढे कितीतरी दिवस सांगता आले नाही.

"नाही," दादा म्हणाला.

"का?"

"भीती वाटली."

मोजणीदारीण हातात दोरी घेऊन उभी होती. हद्दीच्या भांडणात तिने हजार 'नाही' ऐकले होते. खरे 'नाही' म्हणणारा माणूस आधी चिडतो, मग हकीकत सांगतो, शेजाऱ्याला साक्षीला बोलावतो. एका शब्दात कोणी सुटका करून घेत नाही. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मग तिला दोरीकडेच बघत राहणे बरे वाटले.

"नुसता एक शब्द बोलायचास," आत्या म्हणाली. "त्यांनी त्याच दिवशी कोर्ट उखडलं असतं. जेवायलाही थांबले नसते ते."

"नसते थांबले."

"आणि मी त्यांच्या डोळ्यांतून उतरले. तुझ्या भीतीपायी. ते गेले तेव्हाही त्यांच्या मनात तेच होतं, की पोरीचा हात सुटला."

ऊन जाळीच्या खांबावरून खाली सरकले होते आणि कडेची माती रंग बदलू लागली होती. भाऊने घड्याळ पाहिले आणि लगेच हात खिशात घातला.

आत्याने पक्कड उचलली. भाचीला दोरी ताणायला सांगितली, खुंट्यांच्या ओळीवरून, आणि डॉक्टरांना दुसरे टोक धरायला. ती स्वतः मागच्या रेघेशी बसली आणि तिने पहिला खिळा उपटला. तो सहज निघाला नाही. तिने दोन्ही हातांनी जोर लावला.

"तू घरी जा," ती दादाला म्हणाली. "माझ्या दारी पुन्हा येऊ नकोस. मी गेले तर खांदा द्यायलासुद्धा नको."

माणसांनी वाट करून दिली. कोणी मुद्दाम दिली नाही, पण दिली. दादा क्लबाच्या फाटकातून बाहेर पडला. रस्ता रिकामा होता. रविवारची दुकाने बंद, फळ्यांवर धूळ. वहिनीने त्याला वळणापाशी गाठले. तिला धाप लागली होती आणि रागही आला होता.

"खोटं बोललात तुम्ही."

"हो."

"ती आता जन्मात तुमचं तोंड बघायची नाही. आणि ज्याने केलं त्याला ती तिकडे देव करून बसलीये."

"माझ्याशी तिला भांडता येईल," तो म्हणाला. "चार दिवसांनी, चार वर्षांनी, शिव्या द्यायला तरी येईल. मेलेल्या माणसाशी कुठे जाऊन भांडेल ती? सहा वर्षं भरवलंय तिने त्याला."

वहिनीच्या जिभेवर याचे उत्तर आलेही होते. पण फुटपाथ संपून रस्ता लागतो तिथे दादाचा पाय चुकला, तो नुसताच हवेत चाचपडला, आणि तिने त्याचा दंड धरला.